पिकअपमागे फिफ्थ व्हील ओढताना बसणारे गचके

फिफ्थ व्हील म्हणजे पिकअपच्या हौद्यातल्या हिचला, म्हणजे जोडणीला, नाक अडकवून ओढायचा ट्रेलर. डांबरी रस्त्यावर तो गुमान येतो, पण काँक्रीटच्या इंटरस्टेट हायवेवर चढलं की मागून ढुशा बसतात, आणि दुकानदार एअर पिन बॉक्स (ट्रेलरच्या नाकाखालची पिन धरणारा भाग, हवेच्या उशीवाला) घ्या म्हणतोय. घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, इतक्यात घेऊ नका. आधी हिचमधला ढिलेपणा शोधा, मग वजन करून घ्या. बरेचसे गचके तिथेच कमी होतात.

ढिलेपणा बघायला दोन माणसं लागतात. सपाट जागेवर ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. एकाने ट्रकमध्ये, म्हणजे पिकअपमध्ये, बसून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या कंट्रोलरच्या हाताच्या लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक धरायचे आणि गिअर अलगद पुढे-मागे करायचा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून, ट्रेलरखाली न जाता, हिचकडे बघायचं. ट्रेलरच्या नाकाखालची किंगपिन दोन इंच जाडीची असते. हिचच्या जबड्यात ती ठक्क करून हलताना दिसली, की गचक्याचं मूळ सापडलं. जबडे झिजले असतील तर बदला; काही हिचमध्ये ते घट्टही करता येतात. हिचचे पाय जिथे ट्रकच्या हौद्यातल्या रेल्समध्ये (पट्ट्यांमध्ये) बसतात तिथेही बघा, कारण ती खडखड बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

मग ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, जा. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा सोडून वजन करा. ट्रकच्या दोन्ही ॲक्सलवर मिळून जेवढा फरक पडला, तेवढं पिनवरचं वजन. ते भरलेल्या ट्रेलरच्या साधारण १५ ते २५ टक्के असावं. म्हणजे १२,००० पौंडांच्या ट्रेलरला १,८०० ते ३,०००. कमी भरलं तर ट्रेलरचं नाक हलकं राहतं आणि ते ट्रकला ढकलत राहतं. पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर आधी तीच बघा. ६० गॅलन पाणी म्हणजे ५०० पौंड. सामान पुढे हलवाल तेव्हा ट्रकच्या दारापाशी चिकटवलेल्या पिवळ्या स्टिकरवरचा पेलोड, म्हणजे ट्रकला पेलवणारं वजन, मात्र ओलांडू नका.

काँक्रीटचे सांधे बऱ्याच ठिकाणी १५ फुटांच्या आसपास असतात. ताशी ६० मैलांनी सेकंदाला जवळजवळ सहा ठोके बसतात, आणि ट्रक-ट्रेलरची जोडी त्याच तालात डोलायला लागली की पाठीची वाट लागते. आम्ही ह्यूस्टनहून आय-१० हायवेने लुईझियानात जातो. लाफायेट आणि बॅटन रूजमधला आचाफलायाचा १८ मैलांचा पूल हा यातला खरा त्रास. तिथे मी वेग चार-पाच मैलांनी उतरवतो. ताल मोडतो, पैसा लागत नाही.

गचका फक्त थांबताना बसत असेल तर ब्रेक कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, कमी पडतोय. तो थोडा थोडा वाढवा, ट्रेलरची चाकं लॉक व्हायच्या आत थांबा.

एवढं करूनही त्रास उरला तर पिन बॉक्स खुशाल घ्या. मी रबरवाला घेईन. पुढे-मागे बसणारे धक्के तो छान गिळतो आणि हवा भरत बसावं लागत नाही. ट्रेलरच्या फ्रेमची वॉरंटी त्याने जात नाही ना, हे कंपनीकडून लेखी घ्या. जुना बॉक्स उतरवाल तेव्हा मागच्या वेल्डिंगवर टॉर्च मारून नीट बघा. केसाएवढाही तडा दिसला तर वेल्डरने तपासल्याशिवाय ट्रेलर हलवू नका.