रॅक हलवल्यावर व्ही.३५ केबलवर सीआरसी: आधी लांबी बघा, मग अर्थिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. दांडिया बाजारातलं ऑफिस आणि मकरपुरा जीआयडीसीतला कारखाना यांच्यामध्ये २ एमबीची लीज लाइन (टेलिकॉमकडून भाड्याने घेतलेली कायमची जोडणी), दोन्हीकडे सिस्को २८११ राउटर आणि त्यात व्हिक-२टी (डब्ल्यूआयसी-२टी) हे सीरियल पोर्टचं कार्ड. कारखान्यातला रॅक नव्या खोलीत गेला, मोडेम जुन्याच जागी राहिला, म्हणून राउटर आणि मोडेम जोडणारी व्ही.३५ केबल २५ मीटरची बनवून घेतली. लाइन वर येते, पण सीआरसी (डेटा वाटेत बिघडल्याच्या चुका) वाढतात आणि दिवसातून दोन-तीनदा ती पडते. क्लॉक रेट (घड्याळाचा वेग ठरवणारा हुकूम) टाकायला गेलं तर राउटर घेत नाही. आता हाय-स्पीड म्हणून एचएसएसआय केबल मागवावी का?

शेवटच्याचं उत्तर आधी: मागवू नका. एचएसएसआय हे वेगळंच इंटरफेस आहे, ५२ एमबीपीएसपर्यंतचं, ५० पिनांचं, ३४ एमबीच्या ई-३ सारख्या लाइनसाठी. तुमच्या कार्डावर ते लागतच नाही. (ज्यांच्याकडे ते कार्ड आहे त्यांच्यासाठी: कनेक्टर स्कझी-२ (जुन्या हार्ड डिस्क जोडायचा प्रकार) सारखा दिसतो म्हणून कपाटातली जुनी स्कझी केबल लावू नका. बसते, पण आतल्या जोड्या वेगळ्या असतात.)

क्लॉक रेटचंही तसंच. घड्याळ, म्हणजे बिट कधी वाचायचा ते सांगणारा सिग्नल, कोणी द्यायचं हे कॉन्फिगरेशन ठरवत नाही, केबल ठरवते. राउटरकडच्या टोकात काही पिना आतून ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यावरून कार्ड ओळखतं की केबल व्ही.३५ आहे की एक्स.२१ (दुसरा एक प्रकार), आणि डीटीई (घड्याळ घेणारी बाजू) की डीसीई (घड्याळ देणारी बाजू). तुमची डीटीई आहे, घड्याळ मोडेम देतो, त्यामुळे राउटर तो हुकूम नाकारतो ते बरोबरच आहे. यातली मेख अशी की दुसरं टोक हवेत लटकत असलं तरी 'शो कंट्रोलर्स सीरियल' मध्ये 'डीटीई व्ही.३५' दिसेल. म्हणून तेवढं वाचून थांबू नका, त्याच ओळीत पुढे बघा. 'टीएक्स अँड आरएक्स क्लॉक्स डिटेक्टेड' असेल तर मोडेमचं घड्याळ पोचतंय. 'क्लॉक्स स्टॉप्ड' असेल तर मोडेम बंद आहे किंवा तिकडचं टोक नीट बसलेलं नाही. 'नो सीरियल केबल अटॅच्ड' आलं तर राउटरकडचं टोक नीट बसलेलं नाही, किंवा केबल चुकीच्या पोर्टात आहे. कार्डावर छापलेला आकडा वाचा, डावीकडचं ते शून्य असं धरून चालू नका.

आता मुख्य दुखणं, २५ मीटर. तयार केबल साधारण ३ मीटरची येते, ते उगाच नाही. सिस्कोच्या तक्त्यात व्ही.३५ ला ९६०० बीपीएसवर ३१२ मीटर, ५६ केबीपीएसवर ३१ मीटर आणि १.५४४ एमबीपीएसवर फक्त १५ मीटर दिलेत. तुम्ही २.०४८ वर आहात.

हिशोब करून बघा. २.०४८ एमबीपीएसवर एक बिट ४८८ नॅनोसेकंदांचा. केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. मोडेमचं पाठवायचं घड्याळ वाय आणि एए या पिनांवरून राउटरकडे येतं, १२५ गेले. त्यावर राउटर पी आणि एस वर डेटा ठेवतो, तो मोडेमपर्यंत परत जातो, आणखी १२५. म्हणजे मोडेमच्या दृष्टीने डेटा २५० नॅनोसेकंद उशिरा आला, आणि अर्धा बिट भरतो २४४ चा. मोडेम बिटाच्या मधोमध वाचायला जातो तेव्हा नेमकी तिथे बिटाची कड असते. शून्य वाचायचं की एक, हे नशिबावर! ड्रायव्हरची दिरंगाई यात धरलेलीच नाही.

उलट दिशेला हा त्रास नसतो, कारण येणारा डेटा आणि त्याचं घड्याळ दोन्ही मोडेमकडूनच एकत्र निघतात. म्हणून दोन्ही राउटरवर 'क्लिअर काउंटर्स' द्या, तासभर लाइन वापरात राहू द्या, मग 'शो इंटरफेसेस सीरियल' मधल्या इनपुट एरर्स बघा. वाढ दांडिया बाजारच्या राउटरवर असेल आणि मकरपुऱ्याचा स्वच्छ असेल, तर दोष मकरपुऱ्याच्या केबलच्या लांबीत आहे. बहुतेक जण ज्या टोकाला आकडे वाढतात त्याच टोकाची केबल बदलत बसतात. मकरपुऱ्याकडेच वाढत असेल तर टेलिकॉमची लाइन, नाहीतर केबलमधल्या जोड्या तपासा. स्थानिक बनावटीच्या केबलमध्ये हे फार होतं: पी-एस, आर-टी, यू-डब्ल्यू, व्ही-एक्स, वाय-एए यातली प्रत्येक जोडी एकत्र पिळलेली हवी. साधी मल्टीकोअर वापरून प्रत्येक तार जागेवर जोडली तर मल्टीमीटर सगळं बरोबर दाखवेल, तरी २ एमबीवर एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळणारच.

खरा उपाय म्हणजे मोडेम उचलून राउटरच्या रॅकमध्ये आणा आणि टेलिकॉमची तांब्याची जोडी २५ मीटर वाढवा. ती जोडी एक्स्चेंजपासून काही किलोमीटर आलेली आहे, आणखी २५ मीटरने तिचं काही बिघडत नाही. जॉइंट पिळून टेप गुंडाळू नका, क्रोन मॉड्यूलवर (टेलिफोनच्या तारा दाबून बसवायच्या पट्टीवर) करा, आणि वाढवलेली जोडी मोटारींच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका. मग ३ मीटरची तयार डीटीई केबल पुरते.

मोडेम हलवायला परवानगी मिळेपर्यंत तात्पुरता मार्ग आहे. राउटर मोडेमकडून आलेलं घड्याळच डेटासोबत यू आणि डब्ल्यू वर परत पाठवतो. मोडेमच्या मेन्यूत किंवा डिप स्विचवर टर्मिनल टायमिंग असेल तर ते चालू करा, मोडेम मग त्याच घड्याळाने वाचतो. ती सोय नसेल तर इंटरफेसवर 'इन्व्हर्ट' आणि प्रश्नचिन्ह देऊन 'टीएक्सक्लॉक' मिळतं का बघा. त्याने अर्ध्या बिटाचा फरक पडतो, आणि तुमच्या २५० मध्ये २४४ मिळवले की वाचन पुन्हा मधोमध येतं. दोन्ही एकदम करू नका.

लाइन पडण्याचं कारण मात्र निराळं असू शकतं. व्ही.३५ मध्ये डेटा आणि घड्याळ जोडीने जातात, पण डीसीडी (लाइन चालू असल्याची मोडेमची खूण), डीटीआर, सीटीएस हे कंट्रोल सिग्नल एकेका तारेवर असतात, बी पिनच्या ग्राउंडच्या आधाराने. मोडेम एका यूपीएसवर, राउटर दुसऱ्यावर, दोघांची अर्थिंग वेगळी, आणि शेजारी कॉम्प्रेसर चालू झाला की दोन ग्राउंडमध्ये फरक पडून आधी डीसीडी हलतो. 'कॅरिअर ट्रान्झिशन्स' (डीसीडी किती वेळा बदलला तो आकडा) वाढतात, सीआरसी तेव्हा शांत असतात. केबल काढून मोडेमची बॉडी आणि रॅकची बॉडी यांच्यामध्ये एसी व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्टच्या वर असेल तर दोघांना एकाच यूपीएसवर आणि एकाच अर्थ पट्टीवर आणा. आपल्याकडे पावसाळ्यात लाइनवरून येणाऱ्या सर्जसाठीही ते हवंच.

बसवताना आधी इंटरफेस 'शटडाउन' करा. केबलसाठी राउटर बंद करावा लागत नाही, कार्ड काढायचं असेल तर मात्र पॉवर बंदच. २६ पिनांचा स्मार्ट सीरियल कनेक्टर छोटा आणि जवळपास आयताकृती असतो, जोर लावला तर उलटाही घुसतो आणि पिना वाकतात, म्हणून टॉर्च धरून कोपऱ्यांचा आकार जुळवा. मोडेमकडचा ३४ पिनांचा ठोकळा जड असतो. त्याचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवा, नाहीतर तो तिरका बसतो, आणि वजन स्क्रूवर न ठेवता केबल रॅकला बांधा.

'नो शट' केल्यावर डीसीडी, डीएसआर, डीटीआर, आरटीएस, सीटीएस हे पाचही कंट्रोल सिग्नल अप दिसायला हवेत. पाचही अप आणि तरी प्रोटोकॉल डाउन असेल तर दोन्हीकडे एचडीएलसी आहे की एकीकडे पीपीपी, ते बघा (लाइनवर डेटा बांधण्याच्या या दोन पद्धती, दोन्हीकडे एकच हवी). शेवटी १५०० बाइटचा एक्स्टेंडेड पिंग (आकार आणि पॅटर्न निवडून चाचणी पॅकेट पाठवायचा हुकूम), एकदा सगळे शून्य आणि एकदा सगळे एक असा पॅटर्न देऊन, हजार-हजार पॅकेट. दोन्हीकडच्या इनपुट एरर्सचे आकडे आणि मोडेमचं मॉडेल इथे टाका, टायमिंगचा स्विच कुठला ते सांगता येईल.