जीपला दुसरं इंजिन बसवलंय, क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही. कुठे चुकलं असेल?

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो आणि चालू केलं की कर्रर्र, असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे गिअरबॉक्स बिचारा ठीक आहे, क्लच सुटत नाहीये.

आधी खाली वाकून बघा. कुणाला तरी पेडल दाबायला सांगा. स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सजवळचा, क्लचचा फोर्क ढकलणारा) रॉड अर्धवटच सरकत असेल तर क्लचच्या तेलाच्या लाइनमधली हवा काढा. मास्टर सिलिंडर (पेडलपाशी तेल ढकलणारा) जुन्या इंजिनाबरोबरचाच असेल तर तो तेल कमी ढकलत असेल, तेही तपासा.

रॉड नीट सरकतोय? मग गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, दादा. माझा पहिला संशय अडॅप्टर प्लेटवर, म्हणजे वेगळं इंजिन गिअरबॉक्सला जोडायला मध्ये घातलेल्या प्लेटवर. समजा ती 10 मिमी जाड आहे. तेवढाच गिअरबॉक्स मागे गेला, रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या फिंगरपासून तेवढंच लांब गेलं, आणि पेडलची चाल ते अंतर कापण्यातच संपते. इंजिनाच्या बाजूला फिंगरपर्यंतची आणि गिअरबॉक्सच्या बाजूला बेअरिंगपर्यंतची खोली पट्टी आडवी ठेवून व्हर्नियरने मोजा. जो फरक येईल तेवढा बेअरिंगसाठीचा स्पेसर बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही लेथवर वळवून मिळेल.

गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पायलट बुशमध्ये (क्रँकशाफ्टच्या टोकातला छोटा बुश) हाताने, सैल फिरलं पाहिजे. आमच्या खानापूरच्या जीपमध्ये तेच घट्ट होतं. बुश काढल्यावर आतून निळसर करपलेला दिसला. क्लच प्लेट उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो, तेही बघून घ्या.

आणि गिअरबॉक्स बोल्ट आवळून कधीच ओढून बसवू नका. हाताने बसत नसेल तर आत काहीतरी अडतंय.