'इन अ पर्शियन मार्केट' ही धून कोणाची? तो संगीतकार आधी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, हे खरं का?

हो, खरं आहे. ती धून आल्बर्ट केटेल्बी यांची, १९२० सालची. जन्म १८७५, बर्मिंगहॅमजवळच्या ॲस्टनचा. शिक्षण शिष्यवृत्तीवर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजात झालं आणि सोळाव्या वर्षीच विम्बल्डनच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये ऑर्गनवादकाची नोकरी लागली. पुढे नाटक कंपन्यांचं संगीत संचालन, मग कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत काम.

खरं नाव झालं ते 'इन अ मोनॅस्टरी गार्डन'मुळे (१९१५). त्यात पाखरांची किलबिल आहे आणि साधूंचं समूहगान. 'पर्शियन मार्केट'मध्ये तर अख्खा बाजारच भरतो: उंटांचा तांडा येतो, भिकारी 'बक्शीश, बक्शीश' ओरडतात, राजकन्येची पालखी, गारुडी, मग खलिफाची स्वारी. इराणी संगीताशी याचा संबंध जवळपास नाहीच. लंडनमध्ये बसून रंगवलेला पूर्वेकडचा देखावा आहे तो. पण चाल एकदा कानात बसली की जात नाही, हे कबूल करावंच लागतं.

मूकपटांच्या काळात थिएटरातल्या वाद्यवृंदांना प्रसंगानुरूप तयार तुकडे लागत. केटेल्बी ते मुबलक पुरवत, त्यामुळे पैसाही भरपूर मिळाला. समीक्षकांनी मात्र त्यांना कायम नाकं मुरडली. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांची आवड बदलली आणि ते मागे पडले. १९५९ साली आइल ऑफ वाइट बेटावरच्या काउझमध्ये त्यांचं निधन झालं.

ऐकायचं असेल तर 'बेल्स अक्रॉस द मेडोज'पासून सुरुवात करा.