वाचकांचे प्रश्न: कार्बोरेटर, घाट आणि जुनी जीप

पावसाळा सरला की सातारा-सांगलीकडच्या जुन्या जीप आणि जिप्सी पुन्हा रस्त्यावर येतात आणि आमच्याकडे कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, तक्रारींची पत्रं वाढतात. निवडक पाच पत्रं इथे घेतली आहेत.

माझी जुनी पेट्रोल जीप आहे, हरिकेन एफ-हेड इंजिन आणि सोलेक्स कार्बोरेटर. गावात उत्तम चालते. यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की दोन-तीन वळणांनंतर हुकते, ॲक्सिलरेटर दाबला तर आणखी दम सोडते. प्लग पांढरट निघतात. मेस्त्रींनी कार्बोरेटरचा स्क्रू दोनदा फिरवला, काडीचा फरक नाही. – वाचक, सातारा

तो स्क्रू फिरवून फरक पडणारच नव्हता. खालच्या बाजूचा मिक्श्चर स्क्रू फक्त आयडलिंगचं (पाय काढल्यावर इंजिन मंद फिरतं तेव्हाचं) पेट्रोल ठरवतो. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) उघडला की गाडी मेन जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य पितळी भोकावर, जाते आणि चढावर लोड असताना स्क्रूचा संबंध जवळपास संपतो. आता आधी तो जागेवर आणा: हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर.

पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, किंवा कुठून तरी जादा हवा ओढली जातेय. पण कार्बोरेटर उघडण्याआधी इग्निशन बघाच. या इंजिनाला पॉइंटचा गॅप ०.०२० इंच (अर्धा मिलिमीटर), प्लगचा ०.०३० इंच आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) टीडीसीच्या, म्हणजे पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या, ५ अंश आधी. टायमिंग मागे पडलं असेल तर चढावर गाडी अशीच मरते, वर इंजिन तापतं ते वेगळंच.

इग्निशन ठीक निघालं तर टाकीपासून सुरुवात करा. गाडी हुकायला लागली की बाजूला घ्या आणि टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा ‘फस्स’ आवाज आला आणि नंतर गाडी ताळ्यावर आली, तर झाकणाचं भोक बुजलंय. ते सुईने मोकळं करा, दुरुस्ती संपली. तसं नसेल तर इंजिन गार असताना कॉइलची वायर काढून ठेवा, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारा. पंपाच्या प्रत्येक फटक्याला जाड, सलग पिचकारी यायला हवी. बारीक किंवा फेसाळ धार आली तर फिल्टर, टाकीच्या तळाची जाळी, पंपाचा डायफ्राम किंवा टाकी ते पंप या नळीतली चीर, यातलं एक काहीतरी आहे. त्या चिरेतून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणूनच ती डोळ्याला दिसत नाही आणि माणसं महिनोन् महिने कार्बोरेटरच्या मागे लागतात.

पंप चांगला असेल तर मग फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या चेंबरमधलं पेट्रोल ठरावीक लेव्हलला ठेवणारा तरंगता भाग. सोलेक्समध्ये फ्लोटची लेव्हल नीडल व्हॉल्वच्या (चेंबर भरलं की पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) सीटखालच्या वॉशरच्या जाडीवर ठरते. वॉशर जाड टाकला की नीडल खाली येते, लवकर बंद होते आणि लेव्हल उतरते. मागे कुणी कार्बोरेटर उघडून जाड वॉशर किंवा एकावर एक दोन वॉशर बसवले असतील, तर सपाटीवर भागतं आणि घाटात चेंबर रिकामं पडतं. कार्टर कंपनीचा वायएफ कार्बोरेटर असलेल्यांनी मात्र फ्लोटची जीभ वाकवून लेव्हल लावायची असते. फ्लोट दाबून वाकवू नका, नीडलचं टोक खराब होतं.

शेवटी मेन जेट. काढा, उजेडाकडे धरून बघा, कार्ब क्लीनर मारा, हवेने फुंका. तार घालायची नाही. पितळेचं भोक शतांश मिलिमीटरने मोठं झालं तरी जेटवरच्या नंबराला अर्थ राहत नाही.

आयडलिंग लावायची नेमकी पद्धत सांगाल का? जीप सिग्नलला बंद पडते आणि रेस वाढवून ठेवली तर पेट्रोल पिते. – वाचक, कऱ्हाड

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन पुरतं गरम करा. चोक पूर्ण उघडा आहे ना, ते हाताने नव्हे, झडप डोळ्याने पाहून ठरवा. एअर क्लीनर जागेवर हवा. मिक्श्चर स्क्रू दीड फेऱ्यावर ठेवून थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूने इंजिन ७०० आरपीएमच्या आसपास आणा. आता मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या आणि प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद थांबा. इंजिन पडू लागलं की बाहेर घ्या, जिथे ते सर्वांत जोरात आणि गुळगुळीत फिरेल तिथपर्यंत. स्पीड वाढली असेल तर स्टॉप स्क्रूने खाली आणा आणि मिक्श्चर पुन्हा तपासा. हे दोन्ही स्क्रू एकमेकांना हलवतात, म्हणून दोन-तीन आवर्तनं लागतात. शेवटी ६०० आरपीएमवर ठेवा. एफ-हेडला तेवढी पुरते.

हा स्क्रू आत घेतला की पेट्रोल कमी होतं. मोटारसायकलच्या एअर स्क्रूचं उलट असतं आणि तिथली सवय जीपला लावली की गोंधळ होतो.

स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिन चालूच राहिलं, तर आयडलिंगचं पेट्रोल दुसरीकडून येतंय. बहुतेक वेळा रेस वाढवायला स्टॉप स्क्रू इतका आत घेतलेला असतो की थ्रॉटलची चकती पुढची भोकं उघडी पाडते. तुमच्या वर्णनावरून आम्हाला हाच संशय आहे. उलट स्क्रू तीन फेरे बाहेर येऊनही इंजिन सुधारत नसेल तर स्लो जेट (आयडलिंगचा जेट) चोंदलाय किंवा हवा ओढली जातेय. थ्रॉटलचा दांडा बोटांत धरून वर-खाली हलवा. जुन्या कार्बोरेटरमध्ये तिथे हमखास खेळ असतो आणि त्या फटीतून हवा जाते. खेळ असेल तर कितीही ट्यूनिंग करा, ते टिकणार नाही. लेथवाल्याकडून बुश बसवून घ्या.

इंजिनाची ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज मिळालं तर जरूर लावा. चांगलं इंजिन आयडलिंगला समुद्रसपाटीला १८ ते २१ इंच दाखवतं आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच उतरतं. तुमच्याकडे १६ ते १९ इंचांवर काटा स्थिर राहिला तर समाधान माना. स्थिर पण बराच खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. थरथरत असेल तर व्हॉल्व किंवा इग्निशनकडे वळा.

पाटणकडच्या कच्च्या चढणीवर नाक वर गेलं की माझ्या गाडीत पेट्रोलचा वास येतो आणि ती बंद पडते. उतारावर ठीक असते. जेट बदलू का? – वाचक, पाटण

नको. हा तिरकसपणाचा परिणाम आहे. फ्लोट चेंबर जर व्हेंचुरीच्या (हवा जाते त्या अरुंद गळ्याच्या) पुढच्या बाजूला असेल, तर चढणीवर चेंबर वर जातं आणि पेट्रोल नोझलमधून आपोआप आत सांडतं. चेंबर मागे असेल तर हेच उतारावर होतं. तुमच्या लक्षणांवरून चेंबर पुढे असावं. लेव्हल मॅन्युअलमधल्या खालच्या मर्यादेपर्यंत उतरवा, नीडल आणि सीट जोडीने नवी टाका, आणि पंपाचं प्रेशर तपासा; हरिकेनला साडेतीन-पावणेचार पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर गेलं की ते नीडलला उचलतं. बंद पडली तर ॲक्सिलरेटर वारंवार दाबू नका. पाय पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा, साचलेलं पेट्रोल हवेबरोबर निघून जाईल.

उसाच्या हंगामात शेतातल्या धुळीत जीप चालते. ॲव्हरेज निम्म्यावर येतं. – वाचक, वाळवा तालुका

ऑइल-बाथ एअर क्लीनर उघडा. तळात चिखल झाला असेल तर हवा अडते, ओढ वाढते आणि जेटमधून जादा पेट्रोल येतं. प्लगवर कोरडी काजळी दिसेल. जाळी रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, पूर्ण निथळू द्या, इंजिनचंच ऑइल खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर भरलं तर ऑइल इंजिनात ओढलं जातं. ऊसतोड चालू असेपर्यंत दर आठवड्याला झाकण उघडून बघा.

इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून गाडी सकाळी पटकन सुरू होत नाही आणि ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की कार्बोरेटरमधून फटका मारते. महाबळेश्वरला गेलो की जरा बरी वाटते. जेट मोठा टाकावा का? – वाचक, शिराळा

महाबळेश्वरला बरी वाटते हीच यातली खूण आहे. साध्या पेट्रोलला वजनाने १ भागाला १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. वर, १,३५० मीटरवर हवा विरळ असल्याने तुमच्या गावच्या तुलनेत ते सुमारे चार टक्के दाट होतं, म्हणून ती तूट अर्धी भरून निघते. ताकद मात्र हवेबरोबर कमीच होते.

तरीही पहिला हात ॲक्सिलरेटर पंपाला, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबताच जादा पेट्रोल मारणाऱ्या कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपाला. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा, आत बघत थ्रॉटल उघडा. त्याच क्षणी सरळ, जोरदार धार पडायला हवी. उशिरा पडली किंवा थेंब-थेंब आली तर डायफ्राम कडक झालाय. जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि सुकलं की तडकतं. इथेनॉल चालेल अशा रबराचं किट मागून घ्या आणि नळ्याही त्याच वेळी बदला.

पंप चांगला असूनही प्लग पांढरे राहिले तरच जेट. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो. १२० काढून १२५ टाकला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं, आणि आपल्याला हवं ते तेवढंच आहे. १३० ला उडी मारू नका, ती सतरा टक्के होते. बदलल्यावर घाटात वरच्या गिअरला पाच-सात मिनिटं ओढा, वर पोचल्यावर आयडलिंगला न ठेवता लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. चॉकलेटी-करडा रंग आला तर १२५ तसाच राहू द्या. काळा आला तर पुन्हा १२०.

गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर चेंबर रिकामं करून ठेवा. इथेनॉल पाणी ओढतं, ते तळाशी वेगळं होतं आणि जेटच्या तोंडाशी पांढरी पूड धरते. तुमच्या सकाळच्या त्रासाचं कारण तेही असू शकतं.