आधी पाणी शोध, मग लोकेशन

प्रिय मित्रा,

तुझी संहिता वाचली, लोकेशनचे फोटोही पाहिले. गाव देखणं आहे. पण त्या गावाला पाणी कुठून येतं, हे संहितेत कुठेच नाही. म्हणून आज एकाच सिनेमाबद्दल लिहितो. फ्रेंच दिग्दर्शक क्लोद बेरीचा १९८६चा ‘ज्याँ द फ्लोरेत’.

गोष्ट दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सची, पहिल्या महायुद्धानंतरची. पाठीला कुबड असलेला, शहरात करवसुलीची नोकरी केलेला ज्याँ वारशानं मिळालेल्या शेतावर बायको-मुलीला घेऊन येतो. शेजारच्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या पुतण्याला ती जमीन स्वस्तात हवी असते, म्हणून दोघांनी तिथला झरा सिमेंटनं बुजवलेला असतो. झरा होता हे गावाला ठाऊक असतं, पण सगळे मूग गिळून बसतात.

ही गोष्ट उत्तरेकडच्या नॉर्मंडीत नेऊन बघ. तिथल्या पावसात ती उभीच राहणार नाही. प्रोव्हान्सचे डोंगर चुनखडीचे. पाणी भेगांतून खाली जातं आणि भलतीकडेच वर येतं. म्हणजे निम्मी खलनायकी त्या खडकाचीच. एका प्रसंगात ढग गडगडतात, ज्याँ हरखतो आणि पाऊस पडतो डोंगरापलीकडे! तो आभाळाकडे बघून ओरडतो तेव्हा कॅमेऱ्याला काही वेगळं करावं लागत नाही.

आता गंमत ऐक. या कथेचा मूळ लेखक मार्सेल पान्योल प्रोव्हान्समधल्याच ओबान्य गावचा. त्यानं स्वतः १९५२मध्ये याच कथेचा पुढचा भाग मार्सेजवळच्या ला त्रेय परिसरात चित्रित केला होता. बेरीच्या वेळेपर्यंत ते गाव शहरानं गिळलेलं. मग त्यानं उत्तरेला व्होक्लूझमधलं मिराबो निवडलं. तिथे घरांवर रंगवलेल्या थर्माकोलच्या जुनाट भिंती चढवल्या, विजेच्या तारा जमिनीखाली घातल्या. गोष्टीतला ओबान्यचा बाजार तर चित्रित केला सोमिएर गावात, रोन नदीच्या पलीकडे! पण ऑलिव्हची झाडं मात्र चित्रीकरणाच्या वर्षभर आधी लावून त्यांना पाणी घालत बसले, आणि बेरीनंच केलेल्या दुसऱ्या भागासाठी कार्नेशनच्या फुलांची दहा हजार रोपं लावली. भिंत खोटी चालली, झाड नाही. हा हिशेब मला फार पटतो.

माझ्या पहिल्या ऐतिहासिक मालिकेत मी याच्या नेमकं उलटं केलं. तारा झाकण्यात दोन दिवस घालवले आणि विहिरीवर हौसेनं मोट बसवली. प्रसारण झाल्यावर एका शेतकऱ्याचं कार्ड आलं : ‘मोट झकास, पण थारोळं कुठाय? पाणी ओतता कशात?’ ते कार्ड अजून टेबलाच्या काचेखाली आहे.

रविवारी ये. पण त्याआधी फोटोतल्या त्या गावात एक चक्कर मार आणि एखाद्या आजीला विचार, वैशाखात त्या हंडा घेऊन कुठे जायच्या. वाट चालून बघ, किती वेळ लागतो ते मोज. संहिता त्यानंतर उघडू.

तुझा,
काका