कोल्हापूरहून आठ जणांनी पाच-सहा दिवसांत स्कीइंगला जायचं तर कुठे आणि कसं?

गुलमर्गला जा. उत्तराखंडातलं औलीही सुंदर आहे, पण कोल्हापूरहून औली म्हणजे जाण्यायेण्यातच निम्मी सुट्टी संपते. पुण्यातून विमानानं श्रीनगर गाठलं की गुलमर्ग साधारण 50 किलोमीटर. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी बर्फ चांगला असतो.

सगळ्यांत महत्त्वाचं: तीन दिवस सलग शिकण्यासाठीच ठेवा. एका दिवसात फक्त पडायला शिकतो माणूस! आठ जणांत दोन प्रशिक्षक घ्या, आणि नवख्यांनी खालच्या सौम्य उतारावरच राहावं. गंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा जवळजवळ 4,000 मीटरवर नेतो. तिथून घसरत येणं नवख्यांचं काम नाही, कितीही आग्रह झाला तरी. गंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा.

स्की, बूट तिथेच भाड्यानं मिळतात. हातमोजे आणि गॉगल मात्र स्वतःचे न्या. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, म्हणून निदान दोघांकडे पोस्टपेड हवंच. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा सोडा, बर्फात गुलमर्गच्या खालच्या टंगमर्गचा रस्ता अडतो.

आणि आजपासूनच रोज रंकाळ्याला फेरी, रविवारी जोतिबाच्या पायऱ्या. मांड्या तयार हव्यात.