एका सेमिस्टरमध्ये माणूस खरंच बदलतो का?

तुम्ही विचारलंय की एका सेमिस्टरमध्ये माणूस खरंच बदलतो, की तसं म्हणायची नुसती पद्धत पडली आहे. माझ्या आठ सेमिस्टरपैकी एकानेच मला बदललं, म्हणून त्या एकाचंच सांगते.

मी पिंपरीची. वडील कंपनीत, घरी शेती नाही. सीईटीचे मार्क जिथे बसले तिथे, म्हणजे मराठवाड्यातल्या एका कृषी महाविद्यालयात, प्रवेश घेतला. सहाव्या सेमिस्टरपर्यंत वर्गात पहिल्या तिघांत होते. सातव्या सेमिस्टरला आमच्याकडे वर्ग नसतात. ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो, सगळे त्याला 'रावे' म्हणतात. गावात जाऊन राहायचं, एका शेतकऱ्याच्या जोडीने हंगाम काढायचा, मधे मधे प्रात्यक्षिकं द्यायची आणि रोजची डायरी लिहायची. मुलं म्हणजे कृषीदूत, मुली म्हणजे कृषीकन्या. २०२४ च्या खरिपात आम्ही सहा कृषीकन्या हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या एका गावात उतरलो. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल.

पहिला महिना थाटात गेला. माती नमुना घ्यायला इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा कसा करायचा, सोयाबीनच्या बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि मग रायझोबियम हे जिवाणू खत कसं लावायचं, गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण कशी तपासायची, सगळं घडाघडा बोलायचो. प्रात्यक्षिक झालं की फोटो, फोटो झाला की तालुक्याच्या वार्ताहराला पाठवायचा आणि दोन दिवसांनी 'कृषीकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे धडे' अशी बातमी आली की कात्रण फाइलला. फाइल नीट बघितली तर प्रत्येक फोटोत तेच पांढऱ्या टोपीवाले आजोबा दिसतात, कारण दुपारी पारावर तेवढेच मोकळे असायचे. एकदा आम्ही बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवरचं औषध, करून दाखवलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे कालवायचे, मिश्रणात लोखंडी पातं बुडवून बघायचं, तांबूस पडलं तर चुना कमी. छान निळं झालं होतं. आजोबांनी विचारलं, "हे कशावर मारायचं?" मी म्हटलं, संत्र्यावर. "गावात संत्रं हाय का कुणाचं?" नव्हतं. यादीत बोर्डो होतं म्हणून आम्ही बोर्डो केलं होतं.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट आजोबांचा प्रश्न उद्धट वाटला होता.

जुलैच्या शेवटी एक शेतकरी मामा पानं घेऊन खोलीवर आले. सोयाबीन पिवळं पडायलंय म्हणाले. मी पानं हातात घेतली आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, "पिवळा मोझॅक. व्हायरस आहे, औषध नाही. पांढरी माशी पसरवते. पिवळी झाडं उपटून टाका, नाहीतर पूर्ण रान जाईल." शेतात जाऊन बघते, असं माझ्या तोंडून निघालंच नाही. सुचलंच नव्हतं. मैत्रिणी माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या आणि मला ते फार आवडत होतं, हे आज कबूल करते.

संध्याकाळी त्याच पानांचे फोटो डायरीसाठी सरांना पाठवले. त्यांचा फोन आला. "नवीन पानं आहेत की जुनी? शिरा हिरव्या दिसतायत ना? रानात पाणी साचलंय का?" पानं शेंड्याची होती आणि शिरा हिरव्या होत्या. पाण्याचं मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेले. मामांचं रान ओढ्याच्या कडेला, खोलगट. पिवळेपणा सगळा त्या खोलगट भागात, सारखा पसरलेला. मोझॅकची झाडं अशी एका भागात सगळीच्या सगळी पिवळी होत नाहीत. इथे एक, तिथे एक असतात, आणि पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतात. हे लोहाची कमतरता होती. चुनखडीची जमीन आणि वर पाणी साचलं की मुळांना लोह घेता येत नाही. चर काढून पाणी काढायचं आणि वाफसा येऊ द्यायचा, म्हणजे जमीन नुसती ओलसर राहील इतकी सुकू द्यायची, गरज पडली तर सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी. बहुतेक वेळा पीक आपलं आपण हिरवं होतं.

मी पोचले तेव्हा मामा आणि मामी सकाळपासून उपटत होते. चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी, साफ झाली होती. बांधावर सोयाबीनच्या झाडांचा ढीग, फुलावर आलेली झाडं.

चूक सांगायला तोंड उघडलं तेव्हा मी आधी काय म्हटलं असेल? "मामा, पानांवरून तसंच वाटतं." मग "फोटो नीट नव्हता." फोटो मीच काढला होता. तिसऱ्या वाक्याला कुठे "माझं चुकलं" आलं. मामी म्हणाल्या, "मग आता हे परत लावायचं का?" मामा काहीच बोलले नाहीत. विळा उचलला आणि चर काढायला खोरं आणायला घराकडे गेले. पुढचे आठ-दहा दिवस रस्त्यात भेटले तरी मान वळवायचे. गावात मात्र बातमी पोचली होती. किराणा दुकानात एकाने विचारलं, "म्याडम, आमची हळद पण पिवळीच हाय, उपटू का?" सगळे हसले. मीही हसले आणि खोलीवर येऊन रडले. आईला फोन करून परत येते म्हणाले. आई म्हणाली, ये. ती थांब म्हणेल असं वाटलं होतं. ये म्हटल्यावर जाता येईना.

मग बदलले का? लगेच नाही. त्यानंतर मी दोन आठवडे कुणाला काहीच सांगितलं नाही. विचारलं की "सरांना विचारते" म्हणायचे, आणि विचारायचे नाही. हाही घाबरटपणाच, फक्त उलट्या दिशेचा.

१ आणि २ सप्टेंबरला मराठवाड्यात तुफान पाऊस झाला. २ तारखेला पोळा होता. बैल धुवायला ओढ्यावर न्यायचे, तर ओढाच रानातून वाहत होता. सोयाबीन शेंगांत आलेलं, पाण्याखाली. पीकविमा त्या वर्षी एक रुपयात होता, त्यामुळे जवळपास सगळ्यांनी भरलेला. पण नुकसानीची पूर्वसूचना, म्हणजे नुकसान झाल्याची खबर, बहात्तर तासांत द्यायची होती, ॲपवर किंवा टोल फ्री नंबरवर. नंबर लागत नव्हता. मारुतीच्या देवळामागे एका कोपऱ्यात रेंज यायची. आम्ही सहाजणी तिथे बसलो. गट नंबर, विमा भरल्याच्या पावतीचा क्रमांक, नुकसानीचं कारण, शेतातला फोटो. एक फॉर्म भरायला वीस मिनिटं, मधेच ॲप बंद पडायचं की पहिल्यापासून. पावती चिखलाने भिजलेली, आकडा तीन आहे की आठ कळायचं नाही. पोळ्याच्या पुरणपोळ्या लोकांनी तिथेच आणून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रांगेत ते मामा होते. पावती पुढे केली. मी एक आकडा दोनदा विचारला, तिसऱ्यांदा त्यांच्या मुलाला फोन करून खात्री केली. मामा वैतागले, "अगं, आठच हाय तो, टाक की." मी म्हटलं, "मामा, एकदा चुकलेय तुमच्याकडे." तेव्हा ते हसले, पहिल्यांदा. नंतर महिनाभर माझं मुख्य काम हेच झालं: विमा, ई-पीक पाहणी म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, कुणाच्या आधारवर नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं. सहा सेमिस्टरमध्ये यातलं काहीही शिकवलं नव्हतं. आणि लोक कागद घेऊन आले की शेतातलंही बोलायचे. मी बांधावर जाऊन बघायला लागले, माती मुठीत दाबून बघायला लागले, आधी "कधीपासून?" आणि "कुठल्या बाजूला जास्त?" विचारायला लागले. बऱ्याचदा उत्तर त्यांच्याकडेच निघायचं.

सोयाबीन विकताना मी मामांबरोबर बाजारात गेले होते. हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, हातात पडला त्याहून बराच कमी, वर ओलावा जास्त म्हणून कपात. वर्गात आम्ही भाव हा शब्द फक्त अर्थशास्त्राच्या पेपरात लिहिला होता. मामांनी विक्रीच्या हिशोबाची पट्टी खिशात घातली आणि चार तासांचं नाव काढलं नाही. मी मनात हिशोब केला. किती आले ते सांगत नाही, पण तो आकडा अजून पाठ आहे.

गंमत म्हणजे माझा सगळ्यात चांगला निकाल त्याच सेमिस्टरचा आहे. मार्क फाइलला असतात, आणि फाइलमध्ये कात्रणं भरपूर होती. चार तासांची गोष्ट डायरीत मी लिहिली होती. तपासणाऱ्यांनी त्या पानावर नुसती सही केली.

जानेवारीत मामांचा फोन आला. हरभऱ्यात अळी दिसतेय, काय मारू? मी म्हटलं, "मामा, फोटो पाठवा. पानं आणि घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, दोन्हीचे. आणि दहा ठिकाणी एकेक मीटर तासात किती अळ्या आहेत ते मोजून सांगा. मी विचारून उद्या सांगते."

ते म्हणाले, "उद्या सकाळी सातला फवारणीला माणूस लावलाय. त्याच्या आत सांग."

रात्री साडेअकरापर्यंत दोन जणांना फोन केले. सहा वाजता कळवलं.